तुम्ही विचारलंत म्हणून: स्टेशनात वाजवणारे भिकारीच ना?

फोंड्यात मी व्हायोलिनचे वर्ग घेतो. परदेशी जाऊन आलेले पालक हटकून विचारतात, "सर, तिथे भुयारी स्टेशनांत टोपी पुढे ठेवून वाजवतात, ती भीकच ना?" गोव्यात मेट्रो नाही, आणि मडगावच्या फलाटावर कुणी गाऊ लागला की आपला हात आधी सुट्ट्या पैशांकडे जातो. तेव्हा प्रश्न रास्त आहे.

पण नाही, भीक नव्हे. लंडनच्या भुयारी रेल्वेत 2003पासून परवाना लागतो. तो परीक्षकांसमोर वाजवून मिळवायचा. पॅरिसमध्येही 1997पासून चाचणी देऊनच बिल्ला मिळतो. न्यूयॉर्कमध्ये नियम पाळून कुणीही वाजवावं. चाचणीतून निवडलेल्यांना मात्र मोक्याच्या जागा ठरवून दिल्या जातात.

मुलीकडे लंडनला गेलो होतो, तेव्हा टॉटनहॅम कोर्ट रोड स्टेशनात एका सॅक्सोफोनवाल्यापाशी रेंगाळलो. जमिनीवर आखलेल्या अर्धगोलात तो उभा, पुढे उघडी पेटी, शेजारी कार्ड टेकवायचं यंत्र. कुठलीच धून तो पुरी करत नव्हता. मुखडा, परत मुखडा, एखादी हरकत, की दुसरी धून. गाडीतून लोंढा उतरला की सूर चढवायचा, लोंढा ओसरला की ओठ पुसून पाणी प्यायचा. सावकाश रंग भरायला तिथे सवड कुणाला? ऐकणारा अर्ध्या मिनिटात वळणापलीकडे!

म्हणूनच जोशुआ बेल या नामवंत अमेरिकन व्हायोलिनवादकाने स्टेशनात ओळख न देता वाजवलं, तो व्हॉट्सॲपवर फिरणारा किस्सा मला पटत नाही. 12 जानेवारी 2007, वॉशिंग्टनचं मेट्रो स्टेशन, हातात 1713 सालचं स्ट्रॅडिव्हॅरियस, म्हणजे अतिशय मोलाचं जुनं व्हायोलिन. 43 मिनिटांत 1,097 माणसं गेली, थांबली 7. लगेच निष्कर्ष: लोकांना कदर नाही. अहो, सकाळची कचेरीची वेळ, आणि सुरुवात बाख या पाश्चात्त्य संगीतकाराच्या 14 मिनिटांच्या रचनेने! वास्कोच्या दामोदर सप्ताहात 24 तास अखंड भजन चालतं. तेव्हा फेरीत, म्हणजे जत्रेच्या बाजारात, खाजं घेत फिरणाऱ्याला आपण अरसिक म्हणतो का? बेल थोर वादक, वादच नाही. पण ती जागा आणि वेळ रोज तिथे वाजवणाऱ्याने निवडली नसती.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला: "मग आमचा मुलगा शिकायला तिकडे गेला आणि असा वाजवू लागला तर?" वाजवू दे की. फक्त आपण मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पायावर टेकवून वाजवतो. तिथे उभ्याने वाजवावं लागेल. ती तयारी मी करून घेईन, फी मात्र वेगळी.