ट्रोपोनिन शोधणारे चमकते कण

हार्ट अटॅकचा संशय आला की ईसीजीसोबत ट्रोपोनिन टेस्ट लिहून देतात, पण हृदयाच्या स्नायूतलं हे प्रोटीन निरोगी माणसाच्या रक्तात असतं किती, तर एका लिटरमागे काही नॅनोग्रॅम, म्हणजे जवळपास नाहीच. मग शोधायचं कसं? अँटीबॉडीला चमकणारा कण चिकटवायचा, ती जाऊन ट्रोपोनिनला धरते, आणि उजेड मोजायचा. लोचा असा की कण चमकवायला यूव्ही किंवा निळा प्रकाश मारला की रक्तातल्या बाकी गोष्टीही चमकायला लागतात आणि आपला सिग्नल लग्नातल्या बँडशेजारी कुजबुजल्यासारखा हरवतो.

फिनलंडच्या तुर्कूमध्ये यावर 1980 च्या दशकातच युरोपियम या धातूची युक्ती निघाली होती. रक्ताची स्वतःची चमक नॅनोसेकंदांत विझते, युरोपियमची शेकडो मायक्रोसेकंद टिकते, मग थोडं थांबायचं आणि मग मोजायचं, बस्स! मला तर हे जाम आवडतं, काही न करता नुसतं थांबून काम होतंय.

पुढे आले अपकन्व्हर्जन कण, म्हणजे कमी ऊर्जेचा प्रकाश घेऊन जास्त ऊर्जेचा सोडणारे, यटर्बियम आणि अर्बियम या धातूंवाले. यांच्यावर 980 नॅनोमीटरचा न दिसणारा इन्फ्रारेड लेझर मारला की ते हिरवे-लाल चमकतात, आणि रक्तातलं दुसरं काहीच असं उलटं चमकत नाही त्यामुळे बॅकग्राउंड जवळजवळ शून्य. हिरवा उजेड हिमोग्लोबिन गिळतं, म्हणून न गाळलेल्या रक्तात लाल बघितलेला बरा. आणि हो, 980 चा प्रकाश पाणीही शोषून घेतं, सॅम्पल तापतं, म्हणून काही जण कणांत निओडिमियम हा आणखी एक धातू घालून 808 चा लेझर वापरतात.