कोइमतूर: जिथे उसाच्या तुऱ्याची वाट बघतात

आमच्या वाळवा भागात उसाला तुरा दिसला की शेतकऱ्याचा जीव वरखाली होतो. तुरा आला म्हणजे वाढ थांबली. तोड लांबली तर कांडी आतून भुसभुशीत होऊन दशी पडणार आणि वजन घटणार. नोव्हेंबरात कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत गेलो, तर अख्खं शिवार तुऱ्यांनी भरलेलं आणि तुऱ्यातुऱ्याला नंबराची चिठ्ठी. सोबतचे अण्णा बांधावरच थांबले. "आपल्या रानात एवढा तुरा असता तर मी तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयच्या दारात जाऊन बसलो असतो."

संस्था शहराच्या पश्चिमेला, वीरकेरळमला आहे. सह्याद्रीची रांग समोर दिसते आणि पालघाटच्या खिंडीतला वारा थेट रानात शिरतो. ११ अंश अक्षांशावरच्या या गावात पावसाळ्यानंतर दिवस हळूहळू लहान होतो, पण रात्री फार गारठत नाहीत. म्हणून इथल्या तुऱ्यात परागकण जिवंत राहतात आणि बी धरतं. आपल्याकडे तुरा आला तरी बी धरायची खात्री नसते. त्यामुळे राज्याराज्यांतले पैदासकार तुऱ्याच्या हंगामात इथल्या राष्ट्रीय संकर उद्यानात मुक्कामाला येतात. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचे एक साहेब तिथेच भेटले. मराठी ऐकून अण्णांची कळी खुलली.

संकराचं काम बघायचं तर पहाटे जावं लागतं. नराच्या तुऱ्यातले पराग आयोडीनमध्ये टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. काळेनिळे झाले तर जिवंत. ज्या जातीचे पराग वांझ, तिचा तुरा मादी म्हणून धरतात आणि दुसरीकडचे पराग येऊ नयेत म्हणून त्याला कापडी आवरण घालतात. नराचा तुरा त्यावर झटकायचा, आणि हे रोज सकाळी. ईशान्य मोसमी पाऊस नेमका याच दिवसांत येतो, त्यामुळे ढग आले की सगळ्यांची धांदल उडते. पुढे महिनाभरात तुरा पिकून सावरीच्या कापसासारखा सुटतो. त्यातलं बी इतकं बारीक की अण्णांनी तळहात डोळ्यांजवळ नेला, तरी त्यांना ते सापडेना.

हे काम इथे १९१२ पासून चालू आहे. संस्थेचे पैदासकार बार्बर आणि वेंकटरामन यांनी जाड, गोड उसाचा कांस जातीच्या रानटी उसाशी संकर केला. त्यातून निघालेला को २०५ ('को' म्हणजे कोइमतूर) हा १९१८ मध्ये पंजाबकडे गेला. रानटी रक्ताचा काटकपणा आणि मळ्यातल्या उसाची गोडी एका कांडीत आली, हे मला या संस्थेचं सगळ्यात मोठं देणं वाटतं. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांनीही १९३०च्या दशकात इथेच काम केलं. त्यांनी उसाचा संकर मक्याशीसुद्धा करून पाहिला. पुढे जावाचा पीओजे २८७८ आणि को २९० यांच्या संकरातून को ४१९ आला आणि दख्खनच्या कालव्यांखाली जुन्या पुंड्या उसाची जागा त्याने घेतली. आजोबांच्या तोंडी 'चारशे एकोणीस' कायम असायचं.

आमच्या रानातला को ८६०३२ हा ऊस याच संस्थेचा. को ६२१९८ आणि कोसी ६७१ हे त्याचे आईबाप. "म्हणजे गुऱ्हाळाचा सहाशे एकाहत्तर याचा बाप?" अण्णांना फार आनंद झाला.

मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. "साहेब, संकर हितं होतोय, तर आमच्या चोपण, क्षाराच्या रानाचं कसं कळायचं?"

"इथं नाही कळत, अण्णा. बी आम्ही पाडेगावला नेतो. तिथली माती, तिथलं पाणी, तिथली थंडी. प्रत्येक बियातून निघणारं रोप वेगळं. हजारो रोपं लावायची, बहुतेक काढून टाकायची. उरलेल्यांची कांडी लावायची, खोडवं बघायचं, मग वेगवेगळ्या जिल्ह्यांत चाचण्या. एक जात शेतकऱ्याच्या हातात यायला दहा-बारा वर्षं सहज जातात."

पाडेगावचीच २६५ ही जात घ्या: हा ऊस आमच्या कृष्णाकाठच्या क्षारपड रानात तग धरतो. उशिरा पिकतो म्हणून कारखाने साखरेच्या उताऱ्याची कुरकुर करत होते, तरी ज्यांच्या जमिनी पांढऱ्या पडल्यात त्यांना तो सोडवत नाही. एका जमिनीसाठी निवडलेली जात म्हणजे काय, हे मला त्या रानात कळलं.

धोका मात्र उलट बाजूला, एकच जात सगळीकडे लावण्यात आहे. उत्तर प्रदेशात को ०२३८ बहुतांश क्षेत्रावर पसरला, साखर भरघोस दिली, आणि लाल कुज रोगाने त्यालाच धरलं. आम्हीही वर्षानुवर्षं ८६०३२ वर विसंबून आहोत. हे मी बोललो तेव्हा साहेब म्हणाले, "म्हणूनच तर आम्ही दरवर्षी इथं येतो."

परतीच्या गाडीत आमच्या गटातल्या मंडळींचा वाद मिरजेपर्यंत चालला: फुले १०००१ ही जात लवकर पिकते, पण आडसालीला, म्हणजे पावसाळ्यातल्या लागणीला, ८६०३२ सोडायचा का? अण्णांचं ठरलं आहे. सुरू हंगामात, म्हणजे हिवाळ्यातल्या लागणीला, ओढ्याकडच्या तुकड्यात १०००१ चं बेणं लावायचं, आणि ते पाडेगावहूनच आणायचं. शेजाऱ्याच्या फडातलं नाही.