हेंचर्डची शपथ

बार्शीला आमची आडत आहे. तुरीचा सीझन सरला की दुपारी गादीवर वाचायला निवांत वेळ मिळतो आणि दर दोन-तीन वर्षांनी माझा हात इंग्रज कादंबरीकार थॉमस हार्डीच्या ‘द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’कडे जातो. कादंबरी १८८६ची, पण तिचा नायक मायकल हेंचर्ड आमच्या लाइनीतला. धान्य-वैरणीचा व्यापारी. बाकीच्या शोकनायकांची राज्यं बुडतात, याचं कोठार बुडतं.

२१ वर्षांचा असताना हा गडी जत्रेत रम घातलेली गव्हाची खीर पिऊन तर्र होतो आणि बायको, कडेवरच्या मुलीसकट, पाच गिनींना एका खलाशाला विकतो. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये शपथ घेतो: आजवर जगलो तितकीच वर्षं, म्हणजे २१ वर्षं, दारूला शिवणार नाही. आणि पाळतो.

कॉलेजात ॲरिस्टॉटलचा ‘हामार्टिया’ शिकवला होता. भल्या माणसाची एक चूक आणि तिथून घसरगुंडी. मी तेच लिहून मार्कही घेतले. आता पटत नाही. एकच चूक असती तर एवढ्या शपथेनं फिटली असती की! हार्डी स्वतः मधेच नोव्हालिस या जर्मन कवीचं वाक्य टाकतो, स्वभाव हेच नशीब. माझ्या आजीला गीतेचा तिसरा अध्याय पाठ होता, त्यातलं ‘प्रकृतिं यान्ति भूतानि निग्रहः किं करिष्यति’ मला इथे जास्त जवळचं वाटतं. निग्रह काय करणार? हेंचर्डच्या बाबतीत तर निग्रहसुद्धा प्रकृतीतूनच आलेला. ज्या तिरमिरीत बायको विकली, त्याच तिरमिरीत शपथ घेतली. शपथ म्हणजे त्याच्या लेखी करार. मुदत भरली आणि गडी पुन्हा प्यायला बसला.

सौद्याशिवाय त्याला पश्चात्तापही करता येत नाही. १८ वर्षांनी बायको परत येते, तेव्हा तो तिला पाठवायच्या पाकिटात पाच पौंडांची नोट घालतो. मग आठवल्यासारखे वर पाच शिलिंग. गिनी २१ शिलिंगांची, म्हणजे हिशेब बरोबर पाच गिनी. घेतल्या भावात परत.

धंद्यात बुडतो तो भाग मला अजून सलग वाचवत नाही. प्रतिस्पर्ध्याला झोपवायचं म्हणून हा हवामान सांगणाऱ्या एका माणसाला विचारून येतो. सुगीला पाऊस लागणार, या भरवशावर चढ्या भावात धान्य भरतो. ऊन पडतं, भाव उतरतात, हा घाईघाईनं तोट्यात माल काढतो, आणि मग पाऊस येतो! मीही एकदा हरभरा धरला होता. चार दिवस भाव उतरला, पाचव्या दिवशी सगळा काढला. अण्णांनी विक्रीची पट्टी पाहिली आणि एवढंच म्हणाले, “धरायचा तर धरायचा. सोडायचा तर आधीच सोडायचा.” पुढचं मी सांगत नाही.

पण नुसता तापट म्हणून हेंचर्ड निकालात निघत नाही, आणि त्याला कारण व्हिटल. हा त्याच्याकडचा गरीब कामगार, रोज उशिरा येणारा. हेंचर्ड पहाटे त्याच्या घरी जाऊन त्याला तसाच, विजारीशिवाय, कामावर पिटाळतो. भर गल्लीत. त्याच व्हिटलच्या म्हाताऱ्या आईला आदल्या हिवाळ्यात हेंचर्डनं कोळसा पुरवलेला असतो. हे दोन्ही करणारा एकच माणूस. कुठल्या चोपडीत जमा धरायचा त्याला?

सगळं गेल्यावर हेंचर्ड माळावरच्या पडक्या झोपडीत मरतो, तेव्हा सोबतीला फक्त व्हिटल. आईला दिलेला कोळसा आठवून तो मागोमाग गेलेला. हेंचर्डनं मृत्युपत्र लिहून उशाशी टाचून ठेवलं होतं. माझ्यासाठी घंटा वाजवू नका, थडग्यावर फुलं लावू नका, कोणीही माझी आठवण ठेवू नये.

तो कागद बाहेर आणून दाखवतो व्हिटल. त्याला वाचता येत नाही.