नवीन गिटार आणि बाबांची पेटी

शनिवार, रात्रीचे साडेदहा

लाइट आत्ता आली. डाव्या हाताची बोटं हुळहुळून राहिली, वही धरली तरी समजतं, पण आजचं आजच लिहून ठेवायचं आहे.

सकाळच्या एसटीनं जाम चौरस्त्यावरून नागपूरला गेलो, खिशात दोन सीझनचे साठवलेले पैसे. जिनिंगमध्ये काट्यावर बसतो मी, कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की मान वर करायला फुरसत नसते, त्यातूनच दर महिन्याला थोडेथोडे बाजूला टाकत होतो. जुनी गिटार मागच्या मे महिन्यात गेली. टिनाच्या खोलीत भिंतीला टांगून ठेवली होती, बाहेरच पारा पंचेचाळीसच्या वर, टिनाखाली तर विचारूच नका, आणि एका दुपारी पाहतो तर ब्रिज, म्हणजे तारा जिथं अडकवतात ती लाकडी पट्टी, मागून उचलला गेलेला, खाली पोस्टकार्ड सरकेल एवढी फट. सहा तारा मिळून साधारण 70 किलोचा ताण असतो हे मला तेव्हा समजलं. आमच्याकडे रुईची गाठ 170 किलोची बांधतात, म्हणजे अर्ध्या गाठीहून थोडं कमी वजन त्या एवढ्याशा पट्टीला रात्रंदिवस ओढत असतं, आणि वरून उन्हानं गोंद नरम झालेला. लय जीव जळला होता त्या दिवशी.

नागपुरात सीताबर्डीवरच्या गिटारच्या दुकानात दोन तास बसलो. मनात यामाहाची एफजी 800 पक्की होती, सहा महिने मोबाइलवर तिचेच व्हिडिओ पाहत होतो. तिची वरची फळी सॉलिड स्प्रूस लाकडाची, म्हणजे सलग, प्लायसारखे थर चिकटवलेली नाही. ते ओळखायचं असेल तर मधल्या भोकाची कड पाहायची, वरच्या लाकडाच्या रेषा तशाच कडेवरून खाली उतरताना दिसल्या तर सॉलिड, आणि थर दिसले तर लॅमिनेट. सॉलिड लाकूड वाजवता वाजवता काही वर्षांत अजून खुलतं म्हणतात.

पण मांडीवर घेतली तर उजवा खांदा वर चढून राहिला. मग दुकानवाल्या काकांनीच एफएस 800 काढून दिली. वरचं लाकूड तेच, सॉलिड स्प्रूस, पण अंग लहान, कमरेत बारीक, आणि तारेची लांबी 650 ऐवजी 634 मिलिमीटर. सोळा मिलिमीटरनं काय फरक पडणार असं वाटलं होतं, पण एका बोटानं सहाही तारा दाबाव्या लागतात तो एफ कॉर्ड धरला आणि सहाच्या सहा तारा पहिल्यांदा स्वच्छ वाजल्या, एकही दबलेली नाही! मी तोच कॉर्ड चार-पाच वेळा वाजवला. बाराव्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या बाराव्या धातूच्या आडव्या पट्टीवर, तार किती उंच आहे ते पाहिलं, दोन-अडीच मिलिमीटर, म्हणजे ठीक. मग प्रत्येक तारेचा एकेक फ्रेट दाबून पाहिला, कुठं झिरझिर नाही.

तरी मन एफजीकडंच. मग दुकानातल्या पोराला म्हटलं, दादा तू वाजव, मी समोर बसतो. गिटारचा आवाज पुढं जातो ना, वाजवणाऱ्याला तो पूर्ण ऐकूच येत नाही. एफजीचा खर्ज मोठा, सारं दुकान भरलं. एफएसचा आवाज लहान, पण मधल्या तारा वेगवेगळ्या ऐकू येत होत्या, कोणी जवळ बसून बोलल्यासारख्या. मला स्टेजवर थोडंच वाजवायचं आहे, मला माझ्या खोलीत गाता गाता वाजवायचं आहे. तीच घेतली.

येताना एसटीत मांडीवर धरून बसलो, डिक्कीत टाकू दिली नाही.

घरी आलो तर बाबा ओसरीवर पेटी पुसून राहिले होते, संध्याकाळच्या प्रार्थनेची तयारी. मला वाटलं पैशाचं विचारतील. गिटारकडं पाहिलं, भोकात डोकावले, पाठीवर बोटानं टकटक केली आणि म्हणाले, "लाकूड चांगलं हाय. काळी एकमध्ये वाजते काय?"

काळी एक म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी; त्या सुरासाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सहाही तारा दाबून धरणारा चिमटा, लावला आणि सीचा कॉर्ड धरला, पण दोघांचं जुळेचना. मोबाइलच्या ट्यूनरवर माझे स्वर बरोबर होते, पेटी मात्र जुनी, किंचित चढी. बाबा म्हणाले, "मोबाइल ठेव तिकडं. पेटीचे सूर आता हलत नाहीत, तूच ये वर."

कॅपो काढला. बाबांनी भाता ओढला आणि पांढरी तीन दाबून धरली. मी सहावी तार हळूहळू वर नेली, सूर जुळत नसले की दोन्ही आवाजांमध्ये जी लहर ऐकू येते ती मंद होत होत थांबली, तेव्हा त्यांनी मान हलवली. मग पांढरी सहा, मग दोन, पाच, सात. आई चहा ठेवून गेली, तो निवला. शेवटच्या बारीक तारेसाठी बाबांनी परत तीन दाबली, वरच्या सप्तकातली, आणि भाता ओढत राहिले.