चौदा महिने

कोर्टातून फोन आला तेव्हा मी टायर वॉर्मरचे, म्हणजे टायर गरम ठेवणाऱ्या आवरणांचे, नंबर कागदाशी ताडून पाहत होते. रेसिंग टीममध्ये काम करते म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वेग येतो. माझ्या टेबलावर तो कधी फिरकलाच नाही. गाडी, सुटे भाग, अवजारं आणि माणसं एका देशातून दुसऱ्या देशात वेळेवर आणि कायद्यात बसवून पोचवायची, एवढंच माझं काम. सामानासाठी कार्नेट असतं, म्हणजे सामान तात्पुरतं परदेशात न्यायचा कस्टमचा कागद. त्यात प्रत्येक जॅक, प्रत्येक हेडसेट नंबरासकट लिहायचा. एक आकडा चुकला की कस्टमवाले अख्खा कंटेनर अडवून ठेवतात. माणसांसाठी पासपोर्ट आणि व्हिसा. अठरा वर्षं हेच करतेय. त्यातल्या त्यात सामान बरं. ते रात्री दोन वाजता पार्किंगमध्ये कुणाचा जबडा मोडत नाही.

फोन मॅनेजरचा होता. आमच्या ड्रायव्हरच्या मारहाणीच्या खटल्याचा त्या दिवशी निकाल होता. "सुटला!" एवढंच ओरडले. मी वर्कशॉपच्या दारातून तसंच आत सांगितलं, आणि मेकॅनिक मंडळींनी पाने आपटून गोंगाट केला. तोवर मॅनेजर पुढे बोलत होते, "चौदा महिने, पण सस्पेंडेड. आत जायचं नाही. शनिवारी टेस्टिंगला बसवू त्याला गाडीत."

"किती म्हणालात?"

"अगं, आत जायचंच नाही."

"ते कळलं. महिने किती?"

"चौदा."

समोर भिंतीवर मोसमाचं कॅलेंडर होतं. आठ रेस. त्यातली एक ऑस्ट्रेलियात, एक जपानमध्ये, एक कॅनडात. मी खुर्चीवर बसले.

सस्पेंडेड म्हणजे काय, तर न्यायाधीश शिक्षा ठोठावतात आणि तिची अंमलबजावणी थांबवून ठेवतात. ठरलेल्या मुदतीत पुन्हा काही केलं नाहीत तर तुरुंग बघावा लागत नाही. घरच्यांच्या लेखी माणूस सुटला. व्हिसाच्या खिडकीमागे मात्र तो आकडा जसाच्या तसा उभा राहतो. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात चारित्र्याची कसोटी म्हणून प्रकार आहे; १२ महिने किंवा त्याहून जास्त कैदेची शिक्षा झालेला माणूस त्या कसोटीत नापास, मग तो एक रात्रही कोठडीत झोपलेला नसो. जपानचा कायदा एक वर्षावर रेघ मारतो, शिक्षा कुठल्याही देशातली असली तरी. अमली पदार्थांचा गुन्हा असेल तर तिथे मुदतही बघत नाहीत. कॅनडाचं तर्कट आणखी वेगळं. तुम्हाला काय शिक्षा झाली यापेक्षा तुम्ही जे केलंत ते कॅनडात केलं असतं तर जास्तीत जास्त किती झाली असती, हे ते बघतात. मारहाण करून इजा पोचवणं तिथे दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे, म्हणजे गंभीर. 'मी आता सुधारलो आहे' असा अर्ज करायचा तर शिक्षा पुरी झाल्यावर पाच वर्षं थांबायचं. उलट ब्रिटनच्या व्हिसा नियमांत सस्पेंडेड शिक्षा वर्षानुवर्षं कोठडी म्हणून धरतच नव्हते. एकाच माणसाचा एकच गुन्हा, आणि प्रत्येक सीमेवर त्याचं वजन वेगळं.

आता माझी चूक सांगते. निकालाच्या तीन आठवडे आधी त्याच्या वकिलांनी मला फोन केला होता. "मोसमातल्या सगळ्या शनिवार-रविवारच्या तारखा पाठवा." मी कॅलेंडर पाठवून दिलं आणि विसरले. कशाला हव्यात, हे विचारलं नाही. निकालाच्या दिवशी दुपारी कळलं. सरकारी वकिलांशी बोलणी चालू होती आणि त्यात दोन पर्याय होते. एक, दहा महिने सस्पेंडेड, वर दोनशे चाळीस तास समाजसेवा आणि मोठा दंड. दुसरा, चौदा महिने सस्पेंडेड, समाजसेवा नाही. समाजसेवा शनिवार-रविवारी असते. रेसही शनिवार-रविवारी. म्हणून पोरगं रेस चुकवायला नको, या काळजीपोटी चौदा महिने घेतले. वकील काही मूर्ख नव्हते. आपला अशील तुरुंगात जाऊ नये आणि त्याचं काम बुडू नये, एवढंच ते बघत होते. कॅलेंडरवरचे देश त्यांनी वाचले नाहीत, त्यांनी वार वाचले. आणि देश वाचणारी बाई टायर वॉर्मर मोजत बसली होती.

दोनच्या सुमारास सगळे परत आले. मी मॅनेजरना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, "पण लायसन्स तर आहे ना?" रेसिंगच्या लायसन्सला काही झालं नव्हतं. आमच्या मालिकेची नियमावली मी सकाळपासून दोनदा चाळली होती. फौजदारी शिक्षा झाली की ड्रायव्हर बाद, असं कलम मला त्यात सापडलं नाही. खेळाची शिस्त खेळातल्या गुन्ह्यांवर कडक असते. ट्रॅकवर दुसऱ्याच्या गाडीवर मुद्दाम गाडी घातली तर बंदी येते. डॅन टिक्टम या ड्रायव्हर पोराने २०१५ मध्ये सेफ्टी कार असताना, म्हणजे सगळ्यांनी हळू, ओळीत चालवायचं असताना, इतरांना मागे टाकत जाऊन एकाला ठोकलं, त्याला दोन वर्षांची बंदी झाली, त्यातलं एक वर्ष स्थगित. तो परत आला आणि मकाऊची रेस लागोपाठ दोन वर्षं जिंकला. ट्रॅकबाहेर काय केलं याचा हिशेब खेळ दुसऱ्यांवर सोडतो. दुसरे म्हणजे स्पॉन्सर, आणि माझ्यासारख्या खिडक्यांवर रांगा लावणाऱ्या बायका.

स्पॉन्सरचा मेल चारला आला. भाषा फार गोड होती. त्यात करारातल्या एका कलमाचा नंबर होता आणि गाडीवरच्या स्टिकरांबाबत 'लवकरच बोलू' एवढंच.

त्याच वेळी मागच्या शेडमध्ये सीट भरणं चालू झालं होतं. रेसिंग सीट दुकानातून आणून बसवत नाहीत. ड्रायव्हरला गाडीत बसवतात, पाठीमागे मोठी प्लॅस्टिकची पिशवी ठेवतात आणि त्यात दोन रसायनं एकत्र करून ओततात. फेस फुगतो, गरम होतो, पाठीच्या मणक्यांपासून खांद्यापर्यंत माणसाचा ठसा घेतो आणि घट्ट होतो. तेवढा वेळ हलायचं नाही. हात स्टिअरिंगवर, पाय पेडलवर. मी दारात गेले तेव्हा आमचा राखीव ड्रायव्हर तसा बसलेला होता, आणि चीफ मेकॅनिक त्याच्या खांद्यापाशी पिशवी दाबून धरत होता. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. मॅनेजरना सांगून जेमतेम दोन तास झाले होते. जुनी सीट भिंतीला टेकून ठेवली होती, तिच्यावर त्याच्या नावाची टेप.

मला राग आला का? थोडा आला. पण मॅनेजरच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. रिकामी सीट कुणी रिकामी ठेवत नाही.

हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे, ते फॉर्म्युला वनच्या बर्ट्रांड गाशो या ड्रायव्हरमुळे. १९९० च्या डिसेंबरमध्ये लंडनमध्ये त्याचं एका टॅक्सीवाल्याशी भांडण झालं आणि त्याने टॅक्सीवाल्याच्या तोंडावर सीएस गॅस, म्हणजे अश्रुधूर, फवारला. खटला चालू असताना १९९१ च्या जूनमध्ये तो माझदातून ल मॉन्सची २४ तासांची रेस जिंकला. ११ ऑगस्टला हंगेरीत त्याने फॉर्म्युला वनच्या शर्यतीतला सर्वांत वेगवान लॅप मारला. त्याच आठवड्यात १८ महिन्यांची शिक्षा झाली, आणि तो सरळ तुरुंगात. २५ ऑगस्टला बेल्जियममध्ये जॉर्डन टीमने त्याच्या गाडीत एक नवखा जर्मन पोरगा बसवला. तो पहिल्या लॅपलाच क्लच जाऊन बाहेर पडला, पण तोवर सगळ्यांनी बघून घेतलं होतं. मिखाएल शूमाकर. अपिलात गाशोची शिक्षा कमी झाली, दोन महिन्यांत तो बाहेर आला, पण जॉर्डनची सीट त्याला परत मिळाली नाही. पुढे छोट्या टीममधून तो १९९५ पर्यंत चालवत राहिला. १९९२ च्या अख्ख्या मोसमात मोनॅकोतला एक गुण. करिअर वाचलं म्हणायचं की गेलं?

पाचच्या सुमारास तो माझ्या खोलीत आला. कोर्टात घातलेला शर्ट तसाच होता, टाय खिशात कोंबलेला. शेडमध्ये जाऊन आला होता, हे तोंडावरूनच दिसलं.

"बसतोय दुसरा," तो म्हणाला.

"हो."

"सुटीलला पण शिक्षा झाली होती ना? तो तर आला परत."

मलाही दुपारपासून तोच आठवत होता. फॉर्म्युला वनवाल्या एड्रियन सुटीलने शांघायच्या नाइटक्लबमध्ये ग्लासाने एकाला जखमी केलं, आणि २०१२ च्या जानेवारीत म्युनिकच्या कोर्टाने त्याला १८ महिने सस्पेंडेड दिले, वर दोन लाख युरो. फोर्स इंडिया टीममधली जागा तर निकालाच्या आधीच गेली होती. ते वर्ष तो घरी बसला. २०१३ मध्ये त्याच टीमने परत घेतलं, आणि मोसमातली पहिली रेस कुठे होती? मेलबर्नला. तिथे काही लॅप तो सर्वांत पुढे होता, शेवटी सातवा आला. म्हणजे १२ महिन्यांची रेघ ओलांडलेला माणूस ऑस्ट्रेलियात पोचला होता. दार बंद नसतं, दारावर माणूस बसलेला असतो. त्याला कागद दाखवून पटवावं लागतं. पण त्या कागदांना महिने लागतात, आणि तेवढे महिने तुमच्यासाठी धीर धरणारं कुणीतरी लागतं. हेलिओ कास्त्रोनेव्हेस या ड्रायव्हरवर अमेरिकेत करबुडवेगिरीचा खटला चालू होता तेव्हा त्याच्या पेन्स्के या बड्या टीमने त्याच्या गाडीत विल पॉवरला बसवलं; २००९ च्या एप्रिलमध्ये तो करबुडवेगिरीच्या आरोपांतून निर्दोष सुटला, दुसऱ्याच दिवशी ट्रॅकवर हजर झाला आणि मे महिन्यात इंडियानापोलिसची ५०० मैलांची रेस जिंकला. तो निर्दोष होता, हा भाग वेगळा. पण गाडी वाट बघत होती, हेही तेवढंच खरं.

"आमची टीम पेन्स्के नाही," मी म्हणाले. त्याला हसू आलं नाही.

मग मी त्याला जॉन पॉल ज्युनियर या अमेरिकन ड्रायव्हरचं सांगितलं. वडिलांच्या गांजाच्या तस्करीत तो गुंतला, वडिलांविरुद्ध साक्ष द्यायला नकार दिला, १९८६ मध्ये आत गेला आणि १९८८ मध्ये बाहेर आला. त्याआधी १९८३ मध्ये तो मिशिगनची ५०० मैलांची रेस जिंकला होता. त्यानंतरचा त्याचा त्या प्रकारच्या, इंडी म्हणतात त्या गाड्यांतला विजय १९९८ चा, टेक्ससचा. पंधरा वर्षं. "पण त्याचं सगळं एकाच देशात होतं," मी म्हटलं. "त्याला कुणी सीमेवर विचारलं नाही."

"म्हणजे मी देशातच चालवू?"

"यंदा तरी."

पुढचं आत्ताच सांगून टाकते. अपील केलं, सात महिन्यांनी निकाल आला, शिक्षा तीच राहिली. तो देशांतर्गत मालिकेत खालच्या वर्गातल्या गाडीवर बसला, दोनदा पहिल्या तिघांत आला. स्पॉन्सर गेला, एक लहानसा मिळाला. ऑस्ट्रेलियाचा अर्ज आम्ही तरीही केला, कारण आज ना उद्या करावाच लागणार होता, आणि अशा अर्जात पहिल्यांदा काय लिहिलं यावरून पुढचे सगळे अर्ज वाचले जातात.

तो अर्ज त्याच संध्याकाळी उघडला. 'कधी दोषी ठरला आहात का?' पुढे 'हो'. खाली एक चौकोन, घटना स्वतःच्या शब्दांत सांगा. तो सांगत गेला, मी टाइप करत गेले.

"पार्किंगमध्ये वाद झाला. शब्दाने शब्द वाढला. धक्काबुक्की झाली, त्यात समोरच्याला इजा झाली."

मी थांबले. झाला, वाढला, झाली, झाली. चार क्रियापदांत करणारा एकही माणूस नाही. जणू पार्किंगमध्ये पाऊस पडला.

"कोणी केली?"

"काय?"

"धक्काबुक्की. इजा. कोणी केली?"

तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत होता. शेडमधून पंख्याचा आवाज येत होता, फेसाचा वास घालवायला लावला असावा. त्या समोरच्या माणसाचा जबडा सहा आठवडे तारेने बांधलेला होता, स्ट्रॉने पातळ काहीबाही पीत होता. हे कोर्टाच्या कागदात आहे, मी वाचलेलं आहे. दिवसभर आम्ही सगळे एका सीटबद्दल बोलत होतो. त्या जखमी माणसाचं नाव एकदाही कुणाच्या तोंडात आलं नव्हतं, माझ्याही.

त्याने कीबोर्ड स्वतःकडे ओढला. मी लिहिलेलं सगळं पुसलं. एका बोटाने टाइप करू लागला, रेसिंगवाल्यांना नीट टाइप करता येत नाही कधी.

'मी त्याला मारलं. तो खाली पडल्यावर परत मारलं.'

दुसरं वाक्य कोर्टाच्या कागदात नव्हतं. मी त्याच्याकडे पाहिलं.

"हे वकिलांना दाखवायला हवं," मी म्हणाले.

"दाखवा," तो म्हणाला, आणि चौकोनात किती अक्षरं उरलीत ते बघायला लागला.