न्हाणीच्या पाण्यावरचा जाम

शाळेला पन्नास वर्षं झाली, स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला आणि डोळ्यांसमोर आलं ते प्रयोगशाळेच्या खिडकीतलं लाकडी खोकं. पुढून मच्छरदाणीचा तुकडा ठोकलेला, आत जामाची डहाळी, आणि तिच्यावर नीट निरखलं तरच दिसणारे आमचे काडीकिडे. (बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, आपल्याकडे पेरूला जाम म्हणतात.)

आठवीत होतो. पोळा नुकताच झाला होता. शाळेमागच्या जामावर एक काडी चालताना दिसली. पोरं दगड घेऊन धावली, पण विज्ञानाच्या सरांनी ती अलगद हातावर घेतली आणि आम्हाला तिचे सहा पाय मोजायला लावले. खोकं सरांनी ठोकलं. पानं आणायचं काम माझ्याकडे आलं. पुढं नोकरीत पुष्कळ जबाबदाऱ्या आल्या, पण त्या कामाइतकं जिवाभावाचं काम मला पुन्हा मिळालं नाही.

पावसाळ्यात काही अडत नव्हतं. शाईच्या दौतीत पाणी भरून डहाळी खोचायची आणि दौतीच्या तोंडाला घरच्या कापसाचा बोळा लावायचा. पहिल्या आठवड्यात बोळा लावला नव्हता, तर एक पिल्लू दौतीत उतरून बुडून मेलं. सकाळी पानांवर ओल्या बोटांनी पाणी शिंपडलं की ते थेंबाला तोंड लावून पीत.

अडचण आली दिवाळीनंतर. थंडी पडली की जामाला नवा फुटवा येत नाही. जुनी पानं जाड, चामड्यासारखी होतात, काठाला लाली चढते. मोठे किडे ती कशीबशी खात. पिल्लांच्या जबड्याला मात्र तो काठ फुटत नसे. कडुलिंब, बोर, सीताफळ, सगळं घालून पाहिलं. कशालाच तोंड लावलं नाही. गुलाबाची पानं खाल्ली, पण शाळेत गुलाबाची रोपं होती अवघी चार. सर म्हणाले, "आपल्याच देशातला, तमिळनाडूकडचा काडीकिडा युरोपातल्या शाळांमधून पाळतात. तिथं बर्फ पडतं, तरी ते लोक ब्लॅकबेरीच्या झुडपाची हिवाळ्यात टिकणारी पानं शोधून आणतात. आपल्याला तर ऊन आहे." मग त्यांनी कात्री मागवली आणि पानाचा कडक काठ कापून टाकला. कापलेल्या कडेपासून पिल्लाला सुरुवात करता येते. त्या रात्री घरी कंदील धरून पाहिलं. सुतळीच्या धाग्याएवढं पिल्लू पानाच्या कडेवर दोन्हीकडे पाय टाकून बसलं होतं, डोकं वरून खाली नेत होतं आणि प्रत्येक खेपेला पानात अर्धचंद्र खोल होत होता. मी किती वेळ तसाच बसून होतो, सांगता येणार नाही.

त्याच हिवाळ्यात माझ्या हातून ते घडलं. शाळेच्या झाडाला कोवळं पान उरलं नाही म्हणून मी आमच्या वावराच्या धुऱ्यावरच्या जामाचा शेंडा तोडून आणला. शेजारच्या पऱ्हाटीवर आदल्या दिवशी बोंडअळीसाठी मोनोक्रोटोफॉसची फवारणी झाली होती, आणि वारा आमच्याच बाजूचा होता. मला वास आला होता. तरी घाईत पानं धुतली नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी खोक्याच्या तळाशी एकोणीस किडे पाय आखडून पडलेले. चार उरले. सर रागावले नाहीत. "वास आला होता का?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं.

पान कुठं मिळेल म्हणून गावभर फिरताना बाजारओळीमागच्या एका आजींच्या परसात तो जाम दिसला. भर पौषात पोपटी शेंडे! न्हाणीचं आणि भांड्यांचं सगळं पाणी आजी वाफा करून त्याच्या बुडाशी सोडत, म्हणून तो थंडीतही फुटत होता. मी चाचरत काम सांगितलं. किड्यांसाठी पानं, हे त्यांना आधी पटेचना. "जामं खाच्या वयात पानं काहून नेतं रे?" पण दुसऱ्या दिवसापासून शेंडे तोडून, ओल्या फडक्यात गुंडाळून त्या माठाच्या घडवंचीखाली ठेवू लागल्या. तसे ते तीन-तीन दिवस ताजे राहत. होळीपर्यंत एकही दिवस खाडा झाला नाही.

उरलेल्या चौघींनी त्या दिवसांत अंडी टाकली. मोहरीएवढी, हुबेहूब बियांसारखी, खालच्या कागदावर टप टप पडत. पुष्कळ काडीकिड्यांच्या अंड्याला वर बारीक टोपी असते आणि मुंग्या ती बी समजून वाहून नेतात, हे सरांकडून कळलं होतं. म्हणून अंडी डबीत घालून ती डबी पाण्याच्या वाटीत ठेवली आणि उन्हाळाभर ती घरी माठाशेजारी, ओलसर रेतीवर सांभाळली. बाहेर ऊन भाजत होतं. मी रोज झाकण उघडून पाहायचो आणि रोज काहीच नसायचं.

26 जूनला शाळा उघडली. त्याच आठवड्यात डबीत अकरा पिल्लं निघाली. शाळेत नेण्याआधी डबी आजींकडे नेली. त्यांनी ती उजेडात धरली, डोळे बारीक केले, बोटानं मोजायला लागल्या आणि सातावर थांबल्या.

"अन् हे बाकीचे?"

"आहेत आजी, काडीला चिकटून बसलेत."

त्यांनी डबी माझ्या हातात दिली आणि परसाकडे वळल्या. "याइले त कवळेच पानं लागन नं बापू," म्हणाल्या, "थांब, शेंडा तोडून देतो."