अठरा मिनिटांची श्रवणचाचणी

नोंदीत तक्रार एका ओळीची होती: श्रवणयंत्रातून बोलणं छान ऐकू येतं, रेकॉर्ड मात्र बिघडल्यासारख्या वाजतात.

इंग्लंडमध्ये, लँकेशरमधल्या एका सरकारी रुग्णालयात मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे. त्या दिवशीची शेवटची वेळ या गृहस्थांची होती. निवृत्त पोस्टमन. आले ते दोन मित्रांना घेऊन. एक आयुष्यभर यंत्रशाळेत फिटर होता, दुसरा शाळेत भूगोल शिकवायचा. तिघांनीही सत्तरी ओलांडलेली. मित्र आत थांबले तर चालेल ना, असं मी पोस्टमनना विचारलं, तर उत्तर फिटरनेच दिलं. "आम्हीच तर आणलंय याला. पन्नास वर्षं हा माणूस 'क्लोज टू द एज' म्हणत आला. नाताळपासून म्हणायला लागला की 'द येस अल्बम' सगळ्यांत भारी. या वयात असं मत फिरतं होय? कान तपासा याचे."

पोस्टमन खाली बघत हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं. मला तेवढ्यावरून कळलं की ही तक्रार हलकी घ्यायची नाही.

हे दोन्ही अल्बम 'येस'चे, म्हणजे लंडनमध्ये १९६८ साली उभ्या राहिलेल्या रॉक बँडचे. त्याचा गायक जॉन अँडरसन मात्र इथलाच, ॲक्रिंग्टन गावचा. कापडगिरण्यांच्या या पट्ट्यातल्या त्या पिढीला तो घरचा वाटतो. एरवी गाणं तीन मिनिटांचं असायचं त्या काळात या मंडळींनी रेकॉर्डची अख्खी बाजू व्यापणाऱ्या रचना केल्या. मी बँडचं नाव तेवढं ऐकलं होतं. तिघांनी पुढच्या तासाभरात बाकीचं शिकवलं.

मला तक्रार मात्र ओळखीची होती. मुंबईत शिकत असताना ओपीडीत भजनी मंडळांतली म्हातारी माणसं यायची. मशीन घातल्यावर सुनेचं बोलणं कळतं, पण पेटीचा सूर थरथरतो आणि तंबोरा लागल्यासारखा वाटतच नाही, असं सांगायची. त्यांना बहुतेक वेळा "सवय होईल" एवढंच ऐकायला मिळायचं. तेव्हाही ते मला पटत नसे.

श्रवणयंत्र हे मुळात बोलण्यासाठी बनवलेलं असतं. समोरचा माणूस साधारण ६५ डेसिबलने बोलतो असं धरून ते हळू आवाज वाढवतं आणि मोठा आवाज आवरतं. जे सतत, एकसारखं चालू आहे ते त्याच्या लेखी गोंगाट: पंखा, गाडीचं इंजिन, नळ. ते दाबायचं. आणि लांबलेला, स्थिर सूर कानावर पडला की यंत्राला वाटतं आपणच शिट्टी मारतोय, कारण यंत्राचा आवाज कानातून गळून पुन्हा त्याच्याच मायक्रोफोनमध्ये शिरला की नेमकी तशीच शिट्टी होते. मग ते त्या सुराला खोडायला उलटा सूर सोडतं. बोलण्यात फारसं काही बिघडत नाही, बोलताना कोणी एक सूर दहा सेकंद धरून ठेवत नाही. ऑर्गन ठेवतो.

पोस्टमनांचा ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या सुराला किती ऐकू येतं त्याचा आलेख, वयाला साजेसाच होता. खालच्या सुरांना कान जवळपास शाबूत, १००० हर्ट्झनंतर उतार, ४००० हर्ट्झला ७० डेसिबलपर्यंत घसरण, ८००० ला त्याहून वाईट. यंत्र व्यवस्थित बसवलेलं होतं, बोलण्याच्या चाचणीत ते उत्तम चालत होतं. कागदावर दोष कुठेच नव्हता.

मी फिटरना म्हटलं, "ती रेकॉर्ड इथे लावता येईल?" त्यांच्या फोनवर होती. फोनवरून थेट यंत्रात आवाज सोडता आला असता, पण पोस्टमन घरी रेकॉर्ड स्पीकरवर ऐकतात. तसंच ऐकायला हवं होतं, म्हणून चाचणीच्या खोलीतल्या स्पीकरला फोन जोडला. मास्तरांनी फोनवरच्या आवाजाबद्दल नाराजी व्यक्त केली आणि मग डोळे मिटून बसले.

'क्लोज टू द एज' सप्टेंबर १९७२ मध्ये आला. त्यात तीनच रचना आहेत आणि पहिली, अल्बमच्याच नावाची, अठरा मिनिटांहून लांब. ती सुरू होते वाहत्या पाण्याने आणि पक्ष्यांच्या किलबिलाटाने. आवाज हळूहळू दाटत जातो आणि एकदम सगळी वाद्यं एकमेकांवर तुटून पडतात. मी पोस्टमनकडे बघत होते. पाणी चालू होतं, पक्षी चालू होते, ते शांत बसलेले. मग वाद्यं कोसळली आणि ते दचकले.

"सुरुवातीला काय होतं?" मी विचारलं.

"काही नाही. मग एकदम दार आपटल्यासारखं."

फिटर आणि मास्तर एकमेकांकडे बघायला लागले. त्या सुरुवातीवर या तिघांनी उमेदीची किती वर्षं वाद घातले होते! दाटत जाणाऱ्या त्या पाण्याशिवाय पुढचा स्फोट म्हणजे नुसता गोंधळ, हे फिटरचंच मत होतं, आणि ते तर 'रिलेयर'वाले, 'येस'च्याच दुसऱ्या एका अल्बमचे. म्हणजे विरोधी पक्षातले.

पक्ष्यांचे आवाज उंच सुरांचे, पोस्टमनांचे कान तिथेच कमी. पाणी म्हणजे यंत्राच्या हिशेबी गोंगाट, ते यंत्राने पुसून टाकलेलं. दोन्ही गेल्यावर उरतं काय?

यानंतर जे झालं ते मला आजवर कुठल्याही रुग्णासोबत अनुभवता आलेलं नाही. एरवी यंत्र लावताना मी विचारते, "आता कसं वाटतं?" उत्तर येतं, "बरं आहे," "जरा कर्कश आहे." या उत्तरांवरून अंदाज बांधत जावं लागतं. पोस्टमनना मात्र ती अठरा मिनिटं पाठ होती. काय असायला हवं हे त्यांना सेकंदासेकंदाला माहीत होतं, त्यामुळे काय नाही हे ते बोट ठेवून सांगू शकत होते. स्क्वायरचा बेस ऐकू येतोय, पण त्याची धार गेली. क्रिस स्क्वायर बँडमध्ये रिकनबॅकर कंपनीची बेस गिटार वाजवायचा, बोटांऐवजी पिकच्या चकतीने, आणि त्याचा स्वर मुद्दाम धारदार ठेवायचा. ती धार म्हणजे वरचे स्वरांश, मूळ सुराबरोबर वाजणारे उंच सूर, म्हणजे पुन्हा पोस्टमनांच्या उताराची जागा. मी त्या पट्ट्यात थोडी वाढ दिली. "आली," ते म्हणाले. "अजून थोडी. नाही, एवढी नको, आता ड्रमवरच्या झांजा टोचतात." असं नेमकं बोलणारा रुग्ण मिळायला नशीब लागतं.

गोंगाट दाबणारी सोय बंद केली. आवाज आवरण्याची पातळी सैल केली. उंच सूर खाली सरकवून ऐकवण्याची एक सोय त्यांच्या यंत्रात चालू होती. बोलण्यातला 'स' आणि 'श' कळायला ती उपयोगी पडते, पण संगीतात स्वरांश आपली जागा सोडतात आणि सूर खोटा लागतो. तीही बंद. हे सगळं यंत्रातल्या वेगळ्या प्रोग्राममध्ये, म्हणजे बोलण्याचा प्रोग्राम जसाच्या तसा राहणार.

मधे गाणं निवळतं, आवाज विरळ होतात, आणि बाराव्या मिनिटाच्या आसपास चर्चचा ऑर्गन सुरू होतो. बँडचा कीबोर्डवादक रिक वेकमन याने तो लंडनच्या बार्बिकन भागातल्या सेंट जाइल्स चर्चमध्ये वाजवला होता. मास्तर म्हणाले, "ऐक आता," आणि पोस्टमननी चेहरा वाकडा केला. "हा पाण्याखाली वाजतोय." लांबलेला, भव्य, स्थिर सूर. यंत्र त्याला शिट्टी समजून खोडत होतं.

म्हणजे नाताळपासून, नवं यंत्र मिळाल्यापासून, त्यांच्या लाडक्या रेकॉर्डची सुरुवात गायब होती आणि कळसाची जागा डुगडुगत होती. 'द येस अल्बम' मात्र टिकला होता. १९७१ सालचा तो अल्बम, स्टीव्ह हाउची गिटार पहिल्यांदा आली तो. त्यात ऑर्गन वेकमनच्या आधीच्या टोनी केचा: हॅमंड, म्हणजे विजेवरचा ऑर्गन, तुटक, ठोसेबाज. गिटारचे स्वरही छेडलेले, लगेच विझणारे. यंत्राला खोडण्यासारखं त्यात फार काही नाही. म्हणून तो त्यांना पूर्वीसारखा ऐकू येत होता.

"म्हणजे मत त्याचं नव्हतंच," फिटर म्हणाले. "मशीनचं होतं."

पोस्टमन प्रथमच चिडले. "मत माझंच आहे. मी इतके महिने तो ऐकतोय. तुम्ही दोघांनी केचा हॅमंड कधी नीट ऐकलाय का? वेकमन आला आणि के विसरला."

मग जुंपली. मास्तरांचा पक्ष 'येस'चाच 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स', १९७३. चार बाजूंच्या चार रचना, ऐंशी मिनिटांच्या वर. परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून अँडरसनला त्याची कल्पना सुचली: श्रुती, स्मृती, पुराणं, तंत्र. मी भारतीय म्हटल्यावर मास्तरांनी मला साक्षीला बोलावलं. शास्त्रग्रंथांची ही विभागणी आमच्याकडे खरोखर आहे, एवढं मी सांगितलं, त्यांना तेवढं पुरलं. फिटरने त्यावर वेकमनची गोष्ट काढली. त्या दौऱ्यात मँचेस्टरला कार्यक्रम चालू असताना वेकमनने स्टेजवर करी खाल्ली, हा किस्सा तो स्वतःच सांगतो. "वाजवणाऱ्यालाच कंटाळा आला, तिथे ऐकणाऱ्याचं काय?" मास्तर म्हणाले, त्याला कंटाळा आला म्हणून रचना खोटी ठरत नाही. मला मास्तरांचं पटलं.

आणि हे भांडण माझ्या कामाचं होतं. कोण कशासाठी भांडतोय यावरून कोणाला काय ऐकू येतं ते मला समजत होतं.

ऑर्गनचा प्रश्न अवघड होता. शिट्टी रोखणारी सोय बंद केली तर सूर स्थिर राहणार, पण पक्ष्यांसाठी मी वरच्या पट्ट्यात दिलेली वाढ मग सहन होणार नाही, यंत्र खरंच शिट्टी मारणार. त्यांच्या यंत्राची कानात बसणारी टोपी सच्छिद्र होती. बंद टोपी लावली तर आवाज गळणार नाही, दोन्ही साधेल. ती लावून पाहिली. पोस्टमन दोन वाक्यं बोलले आणि म्हणाले, "मी विहिरीतून बोलतोय." काढली.

मी त्यांना सरळ सांगितलं: पक्षी पूर्ण हवे असतील तर ऑर्गन थोडा हलणार. ऑर्गन खरा हवा असेल तर पक्षी पुसट राहतील, सर्वांत उंच आवाजाचे तर येणारच नाहीत, कारण तिथे कानात फारसं उरलेलंच नाही.

दोन्ही प्रकारे ऐकवलं. निर्णय त्यांचा होता, पण मित्रांना राहवेना. मास्तरांचं म्हणणं, सुरुवातच नसेल तर पुढचं काय कामाचं. फिटरने पहिल्यांदाच 'क्लोज टू द एज'ची बाजू घेतली: ऑर्गनपर्यंत पोचायचं म्हणून तर बाकी सगळं आहे. पोस्टमन बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पक्षी मला आठवतात. ऑर्गन ऐकायचाय."

तो प्रोग्राम कायम केला. घरी स्पीकरचा आवाज थोडा कमी ठेवायला सांगितलं, कारण ऐकू येत नाही म्हणून ते तो वाढवत नेत होते आणि यंत्राचा मायक्रोफोन त्या भाराने फाटत होता. मग सलग अठरा मिनिटं लावली. शेवटी पुन्हा पाणी आणि पक्षी येतात. पाणी त्यांना नीट आलं. "एक पक्षी आला," ते म्हणाले. मास्तरांनी सांगितलं की तिथे बरेच आहेत.

निकाल त्यांनी तिथेच दिला. पहिला 'क्लोज टू द एज', पूर्वीसारखाच. पण 'द येस अल्बम' आता दुसरा, आणि तो तिथून हलणार नाही. 'रिलेयर' तिसरा. फिटरना हे मान्य नव्हतं.

काही आठवड्यांनी फिटर स्वतः तपासणीला आले, 'रिलेयर'ची बाजू मांडतच. १९७४ सालचा अल्बम, वेकमनच्या जागी स्वित्झर्लंडचा पॅट्रिक मोराझ. पहिली बाजू बावीस मिनिटांची, युद्धाची, आणि त्या लढाईत भंगारातल्या मोटारीच्या भागांचा खणखणाट. त्यांचा ऑडिओग्राम काढला तर ४००० हर्ट्झला खोल खड्डा, यंत्रशाळेतल्या माणसांचा असतो तसाच. कानात बारीक घंटी वाजते, हेही तेव्हाच सांगितलं.

ती बाजू किती मोठ्याने लावता, विचारलं. लढाई लढाईसारखी वाजायला हवी, असं उत्तर आलं. मी हिशेब मांडून दाखवला. ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. बावीस मिनिटांची लढाई त्यात मावत नाही.

त्यांनी कागद स्वतःकडे ओढला. ९७ ला अर्धा तास, म्हणजे एक बाजू बसते. दुसरी बाजूही ऐकायची तर सगळी मिळून चाळीस मिनिटं, म्हणजे ९४. मी म्हटलं, हा हिशेब शाबूत कानांचा आहे. तुमच्यासाठी ८५ च्या खाली. ते बराच वेळ आकड्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं की ८५ ला तो भंगाराचा खणखणाट ऐकू येईल असं यंत्र मिळतं का. मिळतं, मी म्हटलं, आणि पुढची वेळ दिली. रेकॉर्ड घेऊन या, असं कागदावर लिहून.